पाट कोरडा, तरी वावर ओलं

सहा वर्षांच्या मुलीला न्हाऊ घालताना आईच्या हाताला तिच्या छातीत कठीणसर गोळी लागते. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूलाही लागते. मग अंगावरून पांढरं जायला लागतं आणि एके सकाळी चड्डीवर लाल डाग दिसतो. लेकरू पहिलीत आहे, अजून दुधाचे दात पडायचे आहेत. आजी म्हणते, हल्लीचं खाणंच तसलं, ब्रॉयलर आणि पिशवीचं दूध. शेजारीण म्हणते, आजकाल पोरी लवकरच वयात येतात, त्यात काय एवढं! आईला दोन्ही पटत नाही. पण हे दवाखान्यात कोणाला आणि कसं सांगायचं, या विचारात महिना निघून जातो.

कंधार-मुखेड असो की औसा-निलंगा, असं एखादं घर कुठल्याही तालुक्यात सापडेल. या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. मात्र फार थोड्या मुलींमध्ये ते पोटात खोल दडलेलं असतं: अंडाशयात वाढणारी आणि स्वतःच संप्रेरकं तयार करणारी गाठ. लहान मुलांच्या सगळ्या कर्करोगांत अंडाशयाच्या गाठींचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि संप्रेरकं बनवणाऱ्या गाठी त्यातल्याही थोड्याच. इतक्या दुर्मीळ आजारावर लिहायचं कारण असं की, तो वेळेत सापडला तर दहातल्या नऊहून अधिक मुली पूर्ण बऱ्या होतात. आणि तो वेळेत सापडणं हे मोठ्या यंत्रापेक्षा घरातल्या बाईच्या नजरेवर जास्त अवलंबून आहे.

आधी नेहमीचा क्रम

मुलगी वयात येते तेव्हा शरीर एक ठरावीक वाट चालतं. पहिल्यांदा छाती वाढायला लागते, बहुधा वयाच्या ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान. मग काखेत आणि जांघेत केस येतात. उंची झपाट्याने वाढते. पाळी सगळ्यात शेवटी येते, छाती वाढायला लागल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर डॉक्टर त्याला अकाली वयात येणं म्हणतात. आपण वयाकडे लक्ष देतो, पण क्रम आणि वेग यांच्याकडेही तितकंच लक्ष द्यायला हवं. छातीत गोळी लागल्यापासून दोन-चार महिन्यांतच रक्तस्राव झाला, म्हणजे दोन वर्षांची वाट दोन महिन्यांत कापली गेली, तर मेंदू आणि अंडाशय यांच्यातल्या नेहमीच्या व्यवस्थेला वळसा पडला असण्याची शक्यता मोठी असते.

दोन वर्षांखालच्या काही मुलींची छाती थोडी वाढते, तशीच राहते आणि हळूहळू ओसरते. उंची झपाट्याने वाढत नाही, डाग दिसत नाही. याला सहसा उपचार लागत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून नजर ठेवली की पुरतं.

हुकूम मेंदूतून सुटतो

आपल्या भागात पाटपाणी सगळ्यांना कळतं, म्हणून तिथूनच समजून घेऊ. धरणाचा दरवाजा उघडला की कालव्याला पाणी येतं, कालव्यातून चारीला आणि चारीतून वावराला. वावर आपल्या मनाने ओलं होत नाही. मुलीच्या शरीरात धरणाच्या जागी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. तो जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी मग एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. हे झालं कालव्याचं पाणी. ते अंडाशयापर्यंत पोचलं की अंडाशय इस्ट्रोजेन तयार करू लागतो. इस्ट्रोजेन म्हणजे वावरातली ओल. छाती वाढणं, उंची वाढणं, गर्भाशयाचं अस्तर जाड होणं ही सगळी त्या ओलीची करणी.

पाटपाण्यासारखं आवर्तन इथंही असतं. जीएनआरएच सतत वाहत नाही, साधारण तास-दीड तासाने एक उसळी येते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास माकडिणींवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. संप्रेरक तासातासाने दिलं तर पिट्युटरी काम करते, सतत दिलं तर ती गप्प बसते. १९८० मध्ये याच गटाने वयात न आलेल्या माकडिणींना ते तासातासाने दिलं, तेव्हा त्या वयाआधीच वयात आल्या. देणं बंद केलं तेव्हा त्या पुन्हा बालावस्थेत गेल्या. बालपणात अंडाशय अपुरा असतो असं नाही, वरून हुकूम नसतो, एवढंच. जन्मानंतरचे पहिले काही महिने हा दरवाजा थोडा उघडा असतो. मग तो बंद होतो आणि आठ-दहा वर्षं बंदच राहतो.

अकाली वयात येणाऱ्या बहुसंख्य मुलींमध्ये हाच दरवाजा लवकर उघडलेला असतो. त्यासाठी वेगळे उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. पण या लेखाचा विषय दुसरा आहे: दरवाजा बंद, कालवा कोरडा, तरी वावर चिंब.

वावरातली बोअर

असं केव्हा होईल? कोणीतरी वावरातच बोअर पाडली असेल तेव्हा. बोअर धरणाला विचारत नाही, आवर्तनाची वाट पाहत नाही. रात्रंदिवस पाणी ओतत राहते.

अंडाशयात प्रत्येक बीजाभोवती पेशींचं अस्तर असतं. आतल्या थराला ग्रॅन्युलोसा पेशी म्हणतात, बाहेरच्या थराला थीका पेशी. दोघींनी काम वाटून घेतलेलं असतं. थीका पेशी पुरुषी गुणाचं संप्रेरक बनवतात, तर ग्रॅन्युलोसा पेशी अरोमॅटेज नावाच्या विकराने त्याचं इस्ट्रोजेन करतात. म्हणजे प्रत्येक बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे पुरुषी संप्रेरकापासूनच तयार होतं. पुढे आवाज घोगरा होण्याचा विषय येईल, तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडेल.

ग्रॅन्युलोसा पेशी बेलगाम वाढू लागल्या की त्यांची गाठ होते. मोठ्या वयाच्या बायकांमध्ये होते ती निराळी आणि लहान मुली-तरुणींमध्ये होते ती निराळी. लहान वयातल्या गाठीला ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर असं नाव आहे. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट यंग आणि रॉबर्ट स्कली यांनी सहकाऱ्यासह १९८४ मध्ये अशा १२५ गाठींचा एकत्र अभ्यास छापला. या गाठीबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं तिथूनच आलं आहे. यातल्या जवळजवळ सगळ्या मुली आणि बायका तिशीच्या आतल्या होत्या आणि बऱ्याच जणी दहा वर्षांच्याही आतल्या. वयात न आलेल्या ज्या मुलींना ही गाठ होते, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के मुली अकाली वयात आल्याच्या खुणा दाखवतात. म्हणजे गाठ स्वतःच पुकारा करत असते. मोठ्या गाठीही पोटात बराच काळ मुकाट राहू शकतात, त्या मानाने हे त्या लेकराचं नशीबच म्हणायचं.

पाळी सुरू झालेल्या मुलीत मात्र हा पुकारा ऐकू येत नाही. तिची पाळी अनियमित होते, पोट जड वाटतं, घेर वाढतो आणि घरचे म्हणतात, वजन वाढलंय. गाठ तोपर्यंत बऱ्याचदा १० सेंटिमीटरच्या वर गेलेली असते. कधी तिच्या वजनाने अंडाशयाला पीळ बसतो. मग एकाएकी जीवघेणी पोटदुखी आणि उलट्या सुरू होतात. त्या वेळी अपेंडिक्स समजून थांबणं महागात पडतं. मुलीच्या अशा पोटदुखीत सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी.

रिपोर्टमधल्या तीन ओळी

आता रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन पाहू. अशा मुलीच्या रिपोर्टमध्ये तीन ओळी महत्त्वाच्या असतात. पहिली एस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार. पहिलीतल्या मुलीत हा आकडा दहा-वीस पिकोग्रॅमच्या खाली असायला हवा. गाठ असेल तर तो कित्येकदा शंभराच्या पुढे जातो. दुसरी ओळ एलएचची, तिसरी एफएसएचची. एवढं इस्ट्रोजेन असताना सहज वाटेल की एलएचही वाढलेलं असणार. पण तिथे ०.१ किंवा ०.२ असा आकडा असतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शेत ओलं आहे हे कळल्यावर पाणी सोडणाऱ्याने दरवाजा आणखी घट्ट लावला, असा त्याचा अर्थ. वाढलेलं इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबून टाकतं.

त्याला जोड देणारं आणखी एक संप्रेरक आहे, इनहिबिन. मॅक्कुलाघ या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हे नाव दिलं. मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतही सत्तर-ऐंशीच्या दशकांत या विषयावर पुष्कळ काम झालं. इनहिबिनचं काम एफएसएचला आवर घालण्याचं आणि ते बनतं ग्रॅन्युलोसा पेशींतच. त्यामुळे या गाठी असलेल्या मुलींच्या रक्तात ते भरमसाट सापडतं. एएमएच हेही याच पेशींचं संप्रेरक. वंध्यत्वाच्या दवाखान्यांमुळे हे नाव हल्ली बऱ्याच जणींना माहीत आहे. निदानाच्या वेळी हे दोन्ही आकडे घेऊन ठेवले तर ऑपरेशननंतर ते उतरतात का आणि पुढे पुन्हा चढतात का, यावर पाळत ठेवता येते. निदानाच्या घाईत हा नमुना घ्यायचा राहून जातो आणि मग पुढची तुलना करायला पहिला आकडाच नसतो. ऑपरेशनआधी आठवणीने विचारून घ्यावं.

याच्या जोडीला डाव्या हाताचा, मनगटासह, एक्स-रे काढतात. हाताचा का, असं आईबाप विचारतात. मुलाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात, हाड तिथून लांबतं. इस्ट्रोजेन आधी या पट्ट्यांना पळवतं आणि मग मिटवतं. मनगटाची हाडं किती तयार झाली हे पाहून हाडाचं वय काढतात. सहा वर्षांच्या मुलीचं हाड नऊ वर्षांचं दिसलं तर इस्ट्रोजेन बरेच दिवस काम करत होतं हे कळतं. आज वर्गातली सगळ्यात उंच असलेली ही मुलगी उपचार न मिळाल्यास मोठेपणी ठेंगणी राहते, ती याच कारणाने.

आणि पोटाची सोनोग्राफी. ती वेदनारहित आहे, तालुक्याच्या गावीही होते. गाठ असेल तर बहुधा ती एकाच बाजूला असते. तिचा काही भाग घट्ट आणि काही पाण्याच्या पोकळ्यांनी भरलेला दिसतो.

आवाज घोगरा का होतो

लातूरच्या शिकवणी वर्गांत आणि वसतिगृहांत मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुली येतात. नांदेडलाही तसंच. अकरावी-बारावीची, नीटची तयारी, जागरणं, मेसचं जेवण. त्यात पाळी दोन-तीन महिने चुकली तर कोणी फार मनावर घेत नाही. हनुवटीवर केस आले, मुरुमं वाढली तर मैत्रिणी सांगतात पीसीओडी असेल, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण पीसीओडीचा त्रास वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. चार-सहा महिन्यांत पाळी पार बंद झाली, ओठांवर दाट लव आली, आवाज घोगरा झाला, छाती उतरली, तर तो पीसीओडी समजून गोळ्या घेत बसू नये. इथे सर्टोली-लायडिग नावाच्या गाठीचा विचार करावा लागतो. ती किशोरवयात आणि तरुणपणात होते आणि पुरुषी संप्रेरकं बनवते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन २०० नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर डॉक्टर अंडाशय आणि मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी या दोन्ही ठिकाणी गाठ शोधतात.

सर्टोली आणि लायडिग या पेशी वृषणातल्या. त्या मुलीच्या अंडाशयात आल्या कुठून? गर्भाच्या पहिल्या सहा आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांची जननग्रंथी एकच असते. तिच्यातून वृषणही होऊ शकतं आणि अंडाशयही. अंडाशय व्हायचं ठरल्यावरही ती वाट कायमची बंद होत नाही. २००९ मध्ये प्रयोगशाळेतल्या प्रौढ उंदरिणींच्या अंडाशयातलं फॉक्स-एल-टू नावाचं जनुक बंद केलं, तेव्हा त्यांच्या ग्रॅन्युलोसा पेशींना सर्टोली पेशींचं रूप आलं. म्हणजे अंडाशयाला आपलं अंडाशयपण आयुष्यभर राखावं लागतं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. मुलीला अशी गाठ झाली याचा ती ‘मुलगी नाही’ असा अर्थ अजिबात होत नाही. तिची गुणसूत्रं मुलीचीच असतात, गर्भाशय मुलीचंच असतं. हे घरच्यांना सांगणं फार गरजेचं असतं, कारण गावात पहिली कुजबुज तीच होते.

या गाठींच्या मागे बऱ्याचदा डायसर-वन नावाच्या जनुकातला दोष असतो. पेशीत कोणत्या जनुकाने किती बोलायचं हे ठरवणारे आरएनएचे बारीक तुकडे हे जनुक कापून तयार करतं. हा दोष घराण्यातून येऊ शकतो. २००९ मध्ये त्याचा संबंध लहान मुलांच्या फुप्फुसातल्या एका दुर्मीळ कर्करोगाशी आणि पुढच्या काही वर्षांत सर्टोली-लायडिग गाठींशी जोडला गेला. म्हणून अशा मुलीच्या घरी कोणाला तरुणपणीच गलगंडाच्या गाठी झाल्या का, लहान भावंडाच्या फुप्फुसात गाठ निघाली होती का, हे डॉक्टर विचारतात. आठवून खरं सांगावं. त्यावर धाकट्या भावंडांची तपासणी ठरते.

गाठीसारखं दिसतं, पण चाकू नको

सोनोग्राफीत अंडाशय सुजलेला दिसला की ऑपरेशन, असं समीकरण नाही. १९६० मध्ये व्हॅन वाइक आणि ग्रुमबाख या अमेरिकी डॉक्टरांनी काही मुलींची हकिगत लिहिली. त्यांची छाती वाढलेली, पाळी आलेली, पण उंची खुंटलेली होती. मूळ आजार होता थायरॉइडचा. थायरॉइड बराच काळ मंद राहिला की पिट्युटरी टीएसएच हे संप्रेरक प्रचंड प्रमाणात सोडते. ते इतकं वाढतं की अंडाशय त्यालाच एफएसएच समजून चालू लागतो आणि त्यात मोठमोठ्या पाण्याच्या गाठी होतात. अशा मुलीला थायरॉइडची रोजची एक गोळी दिली की काही महिन्यांत गाठी विरघळतात. ज्या मुलीचं हाडाचं वय पुढे न जाता मागे पडलंय, जी सुस्त आहे, जिला बद्धकोष्ठ आहे, तिची टीएसएच तपासणी झाल्याशिवाय पोट उघडायचं नाही. काहीशे रुपयांच्या तपासणीने लेकराचा अंडाशय वाचतो.

दुसरा प्रकार मॅक्क्यून-अल्ब्राइट विकार. १९३७ च्या सुमारास तो वर्णिला गेला. यात अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे, वेड्यावाकड्या कडांचे डाग असतात, हाडं ठिसूळ असतात आणि अंडाशयात पाण्याच्या गाठी येतात-जातात, प्रत्येक वेळी थोडा रक्तस्राव होतो. इथेही कालवा कोरडाच असतो, पण इलाज औषधांचा असतो. काही लेकरांत साधी पाण्याची गाठ होते आणि काही आठवड्यांत आपोआप जिरते. आईच्या किंवा आजीच्या इस्ट्रोजेन असलेल्या मलमाचा हात लेकराला लागत राहिला तरी छाती वाढते. घरातली मलमं डॉक्टरांना दाखवावीत.

खाण्याबद्दल थोडक्यात. ब्रॉयलर कोंबडी झटपट वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. म्हशीला टोचतात ते ऑक्सिटोसिन म्हणजे इस्ट्रोजेन नव्हे आणि पोटात गेल्यावर ते पचून जातं. वजन जास्त असलेल्या मुली थोड्या लवकर वयात येतात हे खरं. पण सहाव्या वर्षी रक्तस्राव झाल्यावर दोष कोंबडीच्या माथी मारून थांबणं धोक्याचं आहे.

चौकट : केव्हा थांबायचं नाही

आठ वर्षांच्या आत छातीत गोळी लागली किंवा केस आले. पाळीचं वय होण्याआधी रक्ताचा एकही डाग दिसला. एका वर्षात उंची अचानक वाढली. पोट वाढलं, हाताला घट्ट लागलं किंवा पोटात एकाएकी असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या. किशोरवयीन मुलीची पाळी बंद होऊन काही महिन्यांतच आवाज आणि चेहऱ्यावरचे केस बदलले. यातलं काहीही एक दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. असह्य पोटदुखी असेल तर त्याच तासाला.

खोटा डाग

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण तिच्यापायी लेकरांची आयुष्यं उद्ध्वस्त होऊ शकतात. अंडाशयातल्या बीजपेशींच्या काही गाठी एचसीजी नावाचं संप्रेरक बनवतात. लघवीची गर्भचाचणी नेमकं हेच संप्रेरक ओळखते. आता विचार करा. चौदा वर्षांची मुलगी, पाळी चुकलेली, पोट वाढलेलं आणि घरी आणलेल्या किटवर दोन रेघा. पुढे काय होतं ते सांगायला नको. मारहाण, शाळा बंद, घाईने लग्न. सोनोग्राफीच्या दहा मिनिटांत कळू शकतं की गर्भाशय रिकामं आहे आणि गाठ अंडाशयात आहे. याउलट लहान मुलीच्या अंगावरून रक्त गेलं तर तिच्यावर अत्याचार झाला आहे का, हेही डॉक्टरांनी विचारायलाच हवं. तो प्रश्न अपमान समजू नये. दोन्ही शक्यता शांतपणे तपासल्या तरच मुलीला न्याय मिळतो.

‘शहाणी झाली’ म्हणून लग्नाची घाई हा आणखी एक घाव. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना मागे आजीपाशी ठेवलेल्या मुलीची चिंता असते, हे समजण्यासारखं आहे. पण छाती वाढली किंवा रक्त आलं म्हणजे मुलगी मोठी झाली, हे शरीरशास्त्राने खोटं ठरवलं आहे. सहा वर्षांच्या लेकरातही ते घडू शकतं. २००६ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ वर्षं आहे, आणि त्याला पाळीच्या तारखेशी काही देणंघेणं नाही.

ऑपरेशन आणि नंतर

गाठीचं निदान पक्कं झालं की उपचार शस्त्रक्रियेचा. बहुतेक गाठी निदानाच्या वेळी एकाच अंडाशयापुरत्या असतात. सर्जन तो अंडाशय आणि त्याची नळी अख्खी काढतो, दुसरा अंडाशय आणि गर्भाशय तसेच ठेवतो. गाठ आत फुटू न देणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण फुटली तर पेशी पोटात पसरतात आणि आजाराची पायरी वाढते. म्हणूनच संशयित गाठीत आधी सुई घालून नमुना घेत नाहीत. छोट्या छिद्रांतून करावं की पोट उघडून, याचा निर्णयही याच मुद्द्यावर व्हायला हवा. व्रण लहान दिसावा म्हणून गाठ फोडून काढणं मला तरी परवडणारा सौदा वाटत नाही. पोटातलं पाणीही तपासणीला पाठवतात.

काढलेली गाठ कापली की आत पिवळट-करडा घट्ट भाग, पाण्याच्या पोकळ्या आणि मधेमधे रक्ताचे ठिपके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली लहानमोठ्या पोकळ्यांभोवती पेशींच्या रांगा असतात. मोठ्या बायकांमधल्या गाठीत पेशीच्या केंद्रकावर लांबट खाच असते, मुलींच्या गाठीत केंद्रक गोल असतं, खाच क्वचितच दिसते. एवढ्या बारीक फरकावर पुढचे उपचार ठरतात. म्हणून काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळे जपून ठेवावेत आणि मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाचं दुसरं मत घ्यावं.

ऑपरेशननंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन उतरतं. बोअरची मोटार बंद पडावी तसं. तेव्हा मुलीला एकदा थोडा रक्तस्राव होऊ शकतो. गर्भाशयाचं वाढलेलं अस्तर आधार गेल्याने गळून पडतं. आईला आधी सांगितलेलं नसेल तर ती हादरते. मग छाती हळूहळू उतरते. काही मुलींमध्ये हाडाचं वय इतकं पुढे गेलेलं असतं की मेंदूचा खरा दरवाजा लवकर उघडतो. तेव्हा जीएनआरएचसारखंच, पण सतत टिकणारं औषध महिन्याने किंवा तीन महिन्यांनी टोचून तो काही वर्षं बंद ठेवतात. क्नोबिल यांना माकडिणींत जे दिसलं, त्याचाच हा उपयोग. पुरुषी संप्रेरकाने घोगरा झालेला आवाज मात्र पूर्ववत होईलच असं नाही, म्हणून तिथे लवकर निदानाला अधिक मोल.

आजार अंडाशयाबाहेर गेला असेल तर ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन या औषधांची केमोथेरपी देतात. गाठ परत आली तर ती बहुधा पहिल्या तीन वर्षांत येते. त्या काळातल्या फेऱ्या चुकवू नयेत. आणि आईबापांच्या ओठांवर येऊन थांबणाऱ्या प्रश्नाचं उत्तर: एक अंडाशय पाळीला आणि मूल होण्याला पुरतो.

जायचं कुठे

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. निदानाची सुरुवात इथे होऊ शकते. कर्करोगाच्या पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, लातूरकरांना जवळ पडणारं बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि १९४१ पासून चालणारं मुंबईचं टाटा मेमोरियल. बार्शीतच १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या माणसाचा आजारही मोजला गेला पाहिजे, हा आग्रह आपल्या शेजारच्या गावातून उभा राहिला, याचा अभिमान वाटतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. मुलीबद्दल शंका असेल तर पथकातल्या बाई डॉक्टरांना किंवा आशाताईंना बाजूला घेऊन सांगता येतं. पण पथकाच्या तारखेची वाट पाहू नका. दवाखान्यात जाताना अंगणवाडीतलं वजन-उंचीचं कार्ड आणि शाळेतली उंचीची नोंद बरोबर घ्या, त्यावरून वाढ कोणत्या महिन्यात पळाली हे डॉक्टरांना दिसतं. पहिली गोळी कधी लागली, पहिला डाग कधी दिसला, या तारखा कागदावर लिहून न्या. आणि तपासून झाल्यावर एवढं विचारा: डॉक्टर, पोटाची सोनोग्राफी, हाताचा एक्स-रे आणि एस्ट्राडायॉल, एलएच, एफएसएच, टीएसएच या तपासण्या याच आठवड्यात करून घ्यायच्या का?